एकोणचाळीस नर

थेंब हे त्याचं खरं नाव नव्हे. आम्ही दोघं एका धुलाई कारखान्यात होतो. मी नळजोडणीवर, तो बॉयलरच्या पाण्यावर. बॉयलरला मऊ पाणी लागतं. कठीण पाणी गेलं की आत चुन्याचा थर बसतो आणि एक दिवस नळी फुटते. म्हणून तो दर दोन तासांनी काचेच्या नळीत पाणी घ्यायचा, त्यात औषध थेंबाथेंबानं सोडायचा आणि कितव्या थेंबाला रंग पालटतो ते लिहायचा. एकतीस वर्षं हेच केलं. पाळीच्या शेवटी बसून चारही आकडे एकदम लिहिणारे लोक होते. त्यानं तसं एकदाही केलं नाही. हे मी शपथेवर सांगेन, कारण मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. असा माणूस खरा असेल यावर माझा विश्वास नव्हता.

त्याचाही कुणावर नव्हता. कँटीनचा चहा तो स्वतःच्या ग्लासातून प्यायचा. पगाराच्या पाकिटावर सही करण्याआधी पाकीट उजेडात धरायचा. लग्न त्यानं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "तपासायला फक्त अर्धा तास देत होते."

निवृत्त झाल्यावर तो माशांच्या नादाला लागला, तोही पाण्यामुळेच. आमच्या भागात काचेच्या टाक्या बनवणारा एक दुकानदार आहे, सगळे त्याला काचवाला म्हणतात. त्यानं दूर दक्षिण अमेरिकेतून आलेले छोटे सिक्लिड मासे मागवले आणि ते पटापट मरायला लागले. थेंबनं दुकानात जाऊन पाणी तपासलं आणि म्हणाला, "हे पाणी नाही, हा पातळ चुना आहे." त्यानं मऊ पाणी करून दिलं, त्यात वाळलेली पानं टाकून ते चहासारखं केलं. तोवर एक नर आणि दोन माद्या उरल्या होत्या. काचवाल्यानं ते मासे त्यालाच देऊन टाकले. त्या तिघांपासून त्यानं सहा वर्षं वंश चालवला.

मासा लहान असतो. नर माझ्या मधल्या बोटाएवढा, मादी त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. नराच्या पाठीवर काकाकुव्यासारखा तुरा उभा राहतो, म्हणून त्याला तुरेवाला अपिस्टो म्हणतात. अमेझॉनला मिळणाऱ्या संथ ओढ्यांत, तळाला साचलेल्या पाचोळ्यात हे राहतात. एका नराच्या हद्दीत दोन-चार माद्या, प्रत्येकीचं घर वेगळं. मादी एखाद्या खोबणीत शिरते आणि छताला अंडी चिकटवते. टाकीत तिला फुटक्या कुंडीचा तुकडा चालतो. अंडी घातली की तिचा करडा रंग जातो आणि ती पिवळीजर्द होते, अंगावर काळे ठसे. मग ती कुणाला जवळ येऊ देत नाही. ज्या नराची पिल्लं, त्यालाही चावते. पिल्लं पोहायला लागली की ती त्यांना घेऊन हिंडते आणि धोका दिसला की अंगाला असा झटका देते की सगळी पिल्लं तळाला बसतात. शेजारणीची पिल्लं पळवून आपल्यात घालणाऱ्या माद्याही असतात.

थेंबला यातला सगळ्यात आवडता होता तो चोर नर. काही नर लहानच राहतात, मादीसारखेच करडे. मोठ्या नराला वाटतं ही आपलीच एक बायको. हा मात्र संधी साधून खोबणीत शिरतो.

"बघ," थेंब मला काचेतून दाखवायचा, "ती तिसरी. ती खरंच ती आहे का?"

"मला काय ठाऊक?"

"मलाही नाही. पण मी लक्ष ठेवून आहे."

त्याच्या घराच्या मागच्या खोलीत हे सगळं चालायचं. खोली आठ फूट बाय दहा. पुढच्या भिंतीला मोठ्या माशांच्या चार टाक्या, मागच्या भिंतीला खाली जमिनीलगत पिल्लांच्या चार. मागची भिंत शेजारच्या बेकरीशी सामाईक. कोपऱ्यात पिंप. पिंपात हीटर आणि पंप, तिथून अर्ध्या इंची नळ आठही टाक्यांना फिरून परत पिंपात. ही जोडणी मी केली. चार दिवस लागले. एकही सांधा आजवर पाझरला नाही. प्रत्येक टाकीला वेगळा व्हॉल्व्ह ठेवला, कारण पिल्लं पोहायला लागली की पंपाच्या ओढीनं नळीत जातात. त्या महिन्यात त्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आत हवेवर चालणारी स्पंजाची गाळणी सोडायची.

"थर्मामीटर किती लावू?" त्यानं विचारलं होतं.

"पिंपात एक लाव. लाइन एक, पाणी एक."

"नक्की?"

"चौतीस वर्षं नळ जोडलेत मी."

पाण्याच्या तापमानाला या माशात फार महत्त्व आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू नर होणार की मादी, हे तेव्हा पक्कं नसतं. पुढच्या महिनाभरात पाणी ऊन असेल तर नर जास्त होतात, थंड असेल तर माद्या. सव्वीस अंशाला साधारण अर्धे-अर्धे. थेंब रोज सकाळ-संध्याकाळ सव्वीस बघून वहीत लिहायचा आणि पाच वर्षं त्याच्याकडे अर्धे-अर्धेच निघाले.

मग बिघडलं. एका खेपेला तेहतीस पिल्लांत तीनच माद्या. पुढच्या खेपेला अठ्ठावीसात एक. त्याच्यानंतर एकोणचाळीस पिल्लं वाढली, तुरे फुटले, आणि एकही मादी नाही. आधीच्या दोन खेपांतल्या त्या चार माद्याही दगावल्या. घरात मादी उरली ती एक, तीन वर्षांची, कल्ल्यांपाशी रंग उडालेली. ती गेली की सहा वर्षांचा वंश गेला.

रविवारी सकाळी माशांच्या नादाची सातआठ माणसं काचवाल्याच्या दुकानी जमायची. थेंब एकोणचाळीसातले दहा घेऊन गेला. काचवाल्यानं पिशवी उजेडात धरली.

"थेंबराव, ही तर नुसती नवरदेवांची वरात. नवऱ्या घरी झाकून ठेवल्यात का?"

लोक हसले.

"माझ्याकडे नाहीत," थेंब म्हणाला.

"आधीचे तुमचे नर इथे टाकीत पडलेत. जोडी नाही तर कोण नेणार? का दुसऱ्या कुणाकडे वंश जाऊच द्यायचा नाही?"

"नाहीत म्हटलं ना."

"अहो, तुम्हीच सांगता सव्वीसाला अर्धे-अर्धे. तुमचं पाणी सव्वीस. आकडा तुमचाच. आता आकडाच जर..."

पुढचं सगळ्यांना कळलं. थेंब उठला आणि चालू लागला. पिशवी तिथेच राहिली. मी मागून गेलो.

दोन चौक त्यानं ओलांडले. मग म्हणाला, "माद्या जातात कुठे?"

"मेल्या असतील."

"मेल्या नाहीत. पोहायला लागली त्या दिवशी एकोणचाळीस मोजली. काल एकोणचाळीस."

"मग चोरी नाही. टाकीतलं पाणी कमी झालं नाही तर गळती नाही."

"बदलतात."

"काय?"

"मादी उचलायची, नर टाकायचा. आकडा तोच राहतो. माझे न विकलेले नर कुणाकडे पडलेत? आत्ता तोच म्हणाला."

मी रस्त्यात थांबलो. गोष्ट बसत होती. काचवाल्याकडे नर होते, माद्यांना गिऱ्हाईक होतं, आणि सगळ्यांसमोर ओरडून त्यानंच आधी बोट दाखवलं होतं. मलाही ते खरं वाटलं, हे लपवत नाही.

"पण खोलीत शिरतं कोण?"

"किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला."

"दुसरी?"

तो पुढे चालायला लागला. दुसरी वहिनींकडे होती.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून पुढच्या खोलीत त्या आणि त्यांचं शिलाई मशीन. शर्टाच्या कॉलरी शिवतात, दिवसाला साठ. मी मोजून पाहिल्यात, साठच्या साठ सारख्या. स्वयंपाक दोघांचा त्या करतात, बाजार थेंब आणतो. तोंड तिखट, पण काम सोडून बोलत नाहीत. हात चालू असतानाच बोलतात.

थेंबनं माशांच्या खोलीच्या दाराला, खाली घोट्याएवढ्या उंचीवर, काळा दोरा लावायला सुरुवात केली. बाजारातून आल्यावर बघायचा. पहिल्या आठवड्यात तीनदा तुटलेला सापडला.

त्याच आठवड्यात मला वहिनी काचवाल्याच्या गल्लीत शिरताना दिसल्या. हातात झाकणाचा स्टीलचा डबा, आणि तो त्यांनी पाणी भरल्यासारखा सरळ धरलेला. मी थांबून बघितलं. त्या मागच्या दारानं आत गेल्या. मी हे थेंबला सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, पण सांगितलं, आणि सांगताना मला बरंही वाटलं.

"मागच्या दारानं?" त्यानं विचारलं.

"मागच्या."

"डबा हलवत होत्या?"

"अजिबात नाही."

"मासा असेल तर हलवत नाहीत." त्यानं मला गुरुवारी यायला सांगितलं. दाराला कडी-कोयंडा लावायचा होता, त्याचं माप घ्यायला.

गुरुवारी मी टेप घेऊन गेलो. वहिनी मशीनवर होत्या. थेंब त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"वहिनी, डब्यात काय नेता?"

"कुठल्या डब्यात?"

"काचवाल्याच्या गल्लीत नेता त्या."

मशीन थांबलं. वहिनींनी थेंबकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "हेर कोण? फिटरभाऊ का? म्हटलं त्या दिवशी कोपऱ्यावर खांब कुठून आला नवीन."

मी टेप गुंडाळली.

"त्याची आई अंथरुणाला खिळलीय," त्या म्हणाल्या. "तोंडात दात नाही. मऊ भात नेते. सांडू नये म्हणून सरळ धरते."

"मला सांगितलं नाहीत."

"तुमचं त्याच्याशी वाजलेलं. सांगितलं असतं तर भातातही थेंब सोडून बघितले असतेत."

एरवी मी हसलो असतो.

"खोलीचा दोरा तीनदा तुटलाय, वहिनी."

"कसला दोरा?"

त्यानं मागच्या दाराच्या चौकटीकडे बोट केलं. त्या उठल्या, मागच्या दारापर्यंत गेल्या, खाली वाकल्या. तुटका दोरा चौकटीला चिकटलेला होता. तो त्यांनी बोटाला गुंडाळला.

"मला वाटलं कोळिष्टक. तीनदा झाडलं मी." त्या सरळ झाल्या. "भावोजी, तिथली फरशी कोण पुसतं? तुमचं पाणी सांडतं, शेवाळ धरतं. तुम्ही घसरून पडलात तर या वयात उचलायचं कुणी? हात मोडला होता तेव्हा सहा आठवडे घास भरवला मी. तेव्हा दोरा नव्हता बांधला."

"मी चोर म्हटलं नाही."

"दोरा बांधलात तेव्हाच म्हटलंत. चार बोटांच्या माशासाठी."

"चार बोटांचा नाही, मादी तीनच—" तो बोलून गेला आणि थांबला.

वहिनींनी मशीनवर कापड झाकलं. कॉलरी मोजून बांधल्या. "सोमवारी बहिणीकडे जाते. कायमची. मशीन मागाहून नेईन."

जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्दही नाहीत. तो म्हणाला, "किल्ली ठेवून जा."

किल्ली त्यांनी त्याच्या हातात दिली नाही. मशीनवर ठेवली.

कोयंडा लावायला मी शनिवारी सकाळी गेलो. पुढच्या खोलीत वहिनी बोचकी बांधत होत्या. एक बांधून झालं होतं, दुसऱ्यात भांडी चालली होती. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. थेंब मागे स्टुलावर बसून पिंपातला थर्मामीटर बघत होता. रोज बघतो तसाच.

दार जुनं, लाकूड कडक. अशा लाकडात स्क्रू सुका पिळला की डोकं तुटतं. आधी बारीक भोक पाडायचं, मग स्क्रूला मेण चोळायचं, मग पिळायचा. नवीन पोरं मेण लावत नाहीत आणि मग स्क्रू तुटला म्हणून स्क्रूला शिव्या देतात. मी मेणाचा तुकडा खिशातून काढून जवळच्या फळीवर ठेवला. फळी मागच्या भिंतीला, पिल्लांच्या टाक्यांच्या वर. चार भोकं पाडली. मेण घ्यायला हात नेला तर तुकडा कणकेसारखा दबला.

मी तो परत दाबला. मग भिंतीला तळवा लावला. मला काही विशेष वाटलं नाही. चौतीस वर्षं वाफेच्या नळाशी काढलेला हात आहे. त्याला गरम म्हणजे भाजणारं, बाकी सगळं सारखंच. थेंबचाही हात तसलाच. पण मेणाला चौतीस वर्षं झालेली नव्हती.

"बेकरीवाल्यानं काही केलंय का पलीकडे?" मी विचारलं.

"नवी भट्टी बांधली. झालं वर्ष, सव्वा वर्ष. का?"

"या भिंतीला?"

"असेल. पहाटेपासून दुपारपर्यंत चालते. पण पाणी सव्वीस आहे." त्यानं पिंपाकडे बोट केलं. "आत्ता बघितलं."

"थर्मामीटर दे."

"सव्वीस आहे म्हटलं ना."

"दे."

मी खाली बसलो. ज्या टाकीत ते एकोणचाळीस वाढले होते, तिच्यात थर्मामीटर सोडला. टाकीची पाठ भिंतीला टेकलेली. पाच मिनिटं थांबलो, पूर्ण पाच. थर्मामीटर वर काढून त्याच्या हातात दिला. मी सांगितलेला आकडा त्यानं मानला नसता.

एकतीस.

त्यानं तो झटकला, परत बुडवला, परत बघितला. एकतीस.

मग त्याचं लक्ष व्हॉल्व्हकडे गेलं. त्या खेपेपासून तो बंदच राहिला होता. माझंही त्याच वेळी गेलं. बॉयलरखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: व्हॉल्व्ह बंद असेल तर अलीकडचा गेज पलीकडचं काही सांगत नाही. न ऐकणाऱ्याला हाकलून देतात. पिल्लं आली की हा त्यांच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. त्या महिन्यात ती टाकी लाइनीवर नसायचीच. आणि हा पिंपातला आकडा बघून सव्वीस लिहायचा. आधी भिंत थंड होती, खोली आपोआप सव्वीसाच्या आसपास राहायची, म्हणून पाच वर्षं निभावलं. भट्टी आली आणि पिल्लांखाली जणू शेगडी लागली. एक थर्मामीटर पुरे म्हणणारा मी. व्हॉल्व्ह बसवणाराही मी.

"कुणी बदलत नव्हतं," थेंब म्हणाला.

"नाही."

"ते पहिल्यापासून नरच होत होते."

"हो."

तो स्टुलावर बसला. पुढच्या खोलीत भांडी वाजत होती.

"जा," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"आकडा सांग."

तो गेला. मी दारात राहिलो. तो वहिनींना म्हणाला, "पाणी एकतीस आहे," एवढंच. वहिनींनी वर बघितलं. मग मलाच पुढे होऊन सगळं सांगावं लागलं, भट्टीपासून व्हॉल्व्हपर्यंत. त्यांनी हातातलं पातेलं ठेवलं, मागे आल्या, बाही वर करून टाकीत हात घातला.

"अगं बाई. हे तर आंघोळीचं पाणी."

"तुम्हाला कळतं?" थेंबनं विचारलं.

"शेंबड्या पोरालाही कळेल." हात पदराला पुसत त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे चोर तुम्ही. तरी मी म्हणत होते, यांनी नळ जोडले तेव्हापासून या घरात काहीतरी बिनसलंय. कोपऱ्यावर उभं राहून माझ्या डब्यावर नजर, आणि स्वतःचा थर्मामीटर भलत्याच पाण्यात."

मी स्क्रू गोळा करून खिशात टाकले.

"आता बोचकी सोडा," मी म्हटलं.

"का? तुम्ही सांगता म्हणून? परवापर्यंत मी चोर होते, तेही मोजूनमापूनच. यांचा सव्वीस वर्षभर खोटा होता आणि हे तो सहीशिक्क्यानं लिहीत होते. आजचा एकतीस खरा कशावरून?" त्यांनी थेंबकडे बघितलं. "ती म्हातारी अजून अंडी घालेल?"

"घालेल. कदाचित."

"घालू दे. टाकी थंड जागी न्या. पिल्लं मोठी झाल्यावर माद्या निघाल्या, तर बोलू. तोवर बोचकी आहेत तशी राहतील. आणि मोजायचं तुम्ही नाही."

"मग कोण?"

"काचवाला."

थेंबचा चेहरा मी पाहिला. आकडा चोरतोस असं जो माणूस चारचौघांत म्हणाला, त्याच्या हाती मोजणी. पण तो हो म्हणाला.

दुपारपर्यंत आम्ही चारही टाक्या पुढच्या भिंतीकडे आणल्या, विटांवर चढवल्या, नळ नव्यानं जोडला. प्रत्येक टाकीत वेगळा थर्मामीटर. कोयंडा तसाच पडून राहिला.

म्हातारी मादी तीन आठवडे करडीच होती. नर तुरा फुलवून यायचा, ती कुंडीच्या तुकड्याआड जायची. थेंब जेवायचा कमी आणि टाकीसमोर बसायचा जास्त. वहिनी बोचक्यातूनच लुगडं काढायच्या, परत गाठ मारायच्या. एकमेकांशी दोघं कामापुरतं बोलायची. बाविसाव्या दिवशी मी गेलो तेव्हा थेंबनं तोंडावर बोट ठेवलं. मादी पिवळी झाली होती. फार नाही, जुन्या कागदाएवढी. पण तिनं नराला कोपऱ्यात दाबलं होतं आणि त्याचं शेपूट फाटलं होतं.

चौतीस पिल्लं पोहायला लागली. व्हॉल्व्ह बंद केला. पाणी पंचवीस. त्यानं त्या एका महिन्यात थर्मामीटर किती वेळा बघितला ते सांगत नाही, लोकांना खोटं वाटेल. वहिनीही रोज सकाळी येऊन दारातूनच पिल्लं मोजायच्या, आकडा मनात ठेवायच्या. त्याला सांगायच्या नाहीत. तोही विचारायचा नाही. दोघंही एकमेकांचे ओठ बघायचे.

सव्वातीन महिन्यांनी काचवाला आला, भिंग घेऊन. उगाच पान खाल्ल्यासारखं तोंड करून आत शिरला, पण टाकीपाशी बसल्यावर थट्टा संपली. मादीच्या पोटाखालच्या पराची पुढची कड काळी असते. नराचे पाठीचे काटे लांब होऊ लागलेले असतात. तो एकेक पिल्लू चमच्याएवढ्या जाळीत घ्यायचा, भिंगाखाली बघायचा आणि डाव्या नाहीतर उजव्या बादलीत सोडायचा. तासभर गेला. घाई केली नाही, हे मान्य करतो. थेंब त्याच्या पाठीमागे उभा होता आणि प्रत्येक पिल्लामागे त्याची मान पुढे जायची.

"अहो, मानेवर श्वास सोडू नका," काचवाला म्हणाला. "मला उगाच संशय येतो."

शेवटी तो उठला. "तेरा नर. एकोणीस माद्या. दोघांचं सांगता येत नाही."

"का?" थेंबनं विचारलं.

"दिसतात मादीसारखे. पण नजर बरोबर नाही." तो हसला. "तुमचे चोर नर असतील. ठेवा लक्ष." मग भिंग पुसत, माझ्याकडे बघून पण थेंबला ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या दिवशी आकड्याचं बोललो ते चुकलंच."

थेंब म्हणाला, "आकडा खोटाच होता. चुकलं नाही."

वहिनी दाराशी होत्या. बादलीत वाकून बघत होत्या, एकोणीस मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भावोजी, आणि हेही सगळे नर निघाले असते तर?"

थेंबनं बादलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तर संशय घेऊन पुन्हा तुमच्यावरच आलो असतो," तो म्हणाला.

काचवाल्यानं जीभ चावली. मी मनात म्हटलं, संपलं. चार महिन्यांची मेहनत एका वाक्यात गेली.

वहिनींनी मान हलवली. "खोटंच नाही म्हणाला असतात तर आज संध्याकाळची गाडी धरणार होते. विचारून ठेवली होती." मग काचवाल्याला म्हणाल्या, "आईला सांगा, उद्या येते. पुढच्या दारानं."

थेंबनं कमरेची किल्ल्यांची जुडी सोडली, त्यातली एक काढून पुढे धरली.

"राहू दे तुमच्याकडेच," वहिनी म्हणाल्या. "फरशी यापुढे तुम्ही पुसा."

तेव्हापासून त्या खोलीची फरशी तो पुसतो. कोपरे राहतात.